माती नसलेली मुळं

मी भाजी पिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "जमीन कुठे आहे तुमची?" मी म्हणते, "दुसऱ्या मजल्यावर." मग तो हसतो. मी विनोद केलेला नसताना कुणी हसलं की माझं डोकं फिरतं, म्हणून मी त्याला सरळ पत्ताच देते. उल्हासनगर, कॅम्प पाच. खाली जीन्स शिवायचा कारखाना, त्याच्यावर चेन आणि बटणांचं गोदाम, आणि त्याच्यावर माझं शेत. या आणि बघा.

आमच्या गाळ्यात पूर्वी शिलाई मशिनं होती. आता तिथे लोखंडी मांडण्या आहेत, छताला टेकतील इतक्या उंच. प्रत्येक कप्प्यात चपटे पांढरे पाइप, पाइपांना भोकं, भोकांत जाळीचे कप आणि प्रत्येक कपात एकेक रोप. पाइपातून पाण्याचा पातळ थर सतत वाहत असतो आणि रोपाला लागणारं खत त्या पाण्यातच मोजून घातलेलं असतं. वर गुलाबी दिव्यांच्या पट्ट्या, तेच आमचं ऊन. वरच्या कप्प्यातलं पाणी खालच्यात उतरतं, तिथून टाकीत, आणि टाकीतून पंप ते पुन्हा वर चढवतो. तेच पाणी फिरून फिरून वापरायचं, त्यामुळे शेताच्या मानाने ते फारच थोडं लागतं. पाऊस आत येत नाही, किडी फारशा येत नाहीत, म्हणून फवारणीही नाही. गहू-तांदूळ असा पिकवता येत नाही आणि तसं कुणी सांगत असेल तर तो थापा मारतोय. पण पालेभाजी येते. इतकी देखणी येते की पहिल्यांदा कापताना माझा हात उचलेना.

मी अंबरनाथच्या एका रसायनांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होते. आमचे हे तिथेच मेंटेनन्सला. कंपनी आपलं बस्तान उचलून दुसऱ्या राज्यात गेली आणि आम्ही दोघं घरी बसलो. दोघं एकदम घरी बसल्यावर काय होतं ते अंबरनाथलाच, बुवापाड्यातल्या आमच्या शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. पाण्यात कुठलं मीठ किती आहे हे मला कळायचं, पंप का कुरकुरतो हे ह्यांना कळायचं, आणि दोघांनाही रिकामं बसवत नव्हतं. त्यातून हा गाळा उभा राहिला.

सुरुवातीला आम्ही लेट्यूस लावलं. हॉटेलवाले घेतील असं वाटलं होतं. कॅम्प पाचमध्ये लेट्यूस! हॉटेलवाल्यांनी चार दिवस घेतलं आणि मग फोन उचलायचे बंद झाले. आमच्या खिडकीतून गुलाबी उजेड रस्त्यावर पडायचा, तेव्हा खालचे कारागीर वर बार निघालाय का म्हणून चौकशी करून गेले. शेवटी गाळ्याची मालकीण, एक वयस्कर सिंधी बाई, स्वतः जिने चढून आली. सगळ्या मांडण्यांकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "बेटा, ये घास किसके लिए उगाया? पालक लगाओ, खट्टी भाजी लगाओ. साई भाजी उसके बिना बनती है क्या?" खट्टी भाजी म्हणजे आपला चुका. सिंध्यांच्या घरी पालक, चुका आणि डाळ घोटून साई भाजी होते, तीही आठवड्यातून कितीदा तरी. बाजारातली पालेभाजी रुळांशेजारी नाल्याच्या पाण्यावर वाढलेली तर नसेल ना, ही धास्ती त्यांनाही होती आणि आम्हालाही. पावसाळ्यात तर चिखल आणि अळ्यांच्या भीतीने सगळेच पालेभाजी बंद करतात. मी लेट्यूस उपटून टाकलं आणि चुका पेरला. त्या पावसाळ्यात आमच्या जिन्यावर बायकांची रांग लागायला लागली, तेव्हा मला कळलं की हे चालणार. नुसतं चालणार नाही, पळणार.

आणि त्याच पावसाळ्यात माझ्या माहेरची वाडी बुडाली.

माझं माहेर बदलापूरला, मांजर्लीत. उल्हास नदीला लागून आमचा भाजीचा तुकडा. माझा भाऊ वारला तेव्हापासून तो तुकडा वहिनी एकटीच बघते. नदी दर दोन-चार वर्षांनी वाडीत येते, हे आम्हाला नवीन नाही. पण त्या वर्षी ती आली आणि मुक्कामच केला. पाणी उतरल्यावर मागे राहिला तो काळा, तेलकट गाळ, त्यात बाटल्या, चपला आणि कुणाच्या तरी सोफ्याची उशी. त्यात दसऱ्यापर्यंत काही उगवणार नव्हतं. आणि खरी अडचण दसऱ्याचीच होती.

ती अशी. बदलापूर स्टेशनबाहेरच्या बाजारात एक रांग आहे, तिला सगळे वाडीवाल्यांची रांग म्हणतात. तिथे फक्त आपल्या हाताने पिकवलेला माल घेऊन बसायचं. घाऊक बाजारातून आणलेली भाजी विकणारे समोरच्या बाजूला. रांगेतल्या जागांचा कुठलाही कागद नाही. दसऱ्याच्या सकाळी जी बाई आपल्या मालासह जागेवर बसेल, तिची ती जागा पुढच्या दसऱ्यापर्यंत. बसली नाही, तर शेजारीण आपलं गोणपाट पसरते आणि कुणी काही बोलत नाही.

वहिनीची जागा आधी माझ्या आईची होती. आई तिथे फरशीवर पाणी शिंपडायची, गोणपाट टाकायची आणि जुड्या मांडायची. माझी शाळा-कॉलेजची सगळी वर्षं त्या फरशीवर निघाली. ती जागा म्हणजे वहिनीचं पोट होतं आणि माझ्यासाठी आईची उरलेली एकमेव खूण. ती जाऊ द्यायची नाही, हे मी पाणी ओसरायच्या आतच ठरवून टाकलं होतं.

वहिनीला गाळ्यात आणलं. ती मांडण्यांमधून हिंडली, वाकून एक कप उचलला आणि खाली लोंबणारी मुळं बोटांवर घेतली. पांढरी शुभ्र, ओली, लांबच लांब.

"वन्सं, हिला माती नाय," ती म्हणाली.

"नाहीच आहे. लागत नाही."

"भाजीला नसंल लागत. रांगेला लागते."

आणि तिचं खरं होतं. मी नोकरीच्या नादात हे विसरून गेले होते. त्या रांगेत जुडीची मुळं कधी धूत नाहीत. मुळांना चिकटलेली माती हीच वाडीवाल्या बाईची खात्री असते. गिऱ्हाईक जुडी उचलतं, उलटी करतं आणि मुळं बघतं. काळी ओली माती दिसली की भाजी आज पहाटे, स्वतःच्या वाडीतून उपटलेली. धुतलेली मुळं म्हणजे भाजी दुसऱ्याची आणि बहुधा कालची. पिढ्यान् पिढ्या चाललेला हा हिशेब होता.

"मग काय, मुळांना माती चोपडू?" मी चिडून विचारलं.

"ती लबाडी झाली," वहिनी म्हणाली. "मना तसलं नाय जमायचं." मग तिने कप परत भोकात बसवला आणि विचारलं, "बी कुठंय?"

त्या दिवसापासून ती रोज यायला लागली. पेरणी तिने स्वतःच्या हाताने केली, रोपं तिने कपात बसवली. पाणी मी बघायचे, पंप हे बघायचे. पालक आणि चुका असा अर्धा गाळा तिच्या नावाने लागला. तिने स्वतः पेरलं, म्हणजे माल तिचाच, यात मला काडीची शंका नव्हती. रांगेचं रांग बघून घेईल असं मी म्हणायचे. वहिनी मात्र दिव्याखाली उभी राहून बराच वेळ पानं बघत राहायची. एकदा म्हणाली, "इथं नदी येणार नाय, नाय का?" मी म्हटलं, "दुसऱ्या मजल्यावर नदी आली तर आपण भाजी नाही, होडी विकू." त्यावर ती हसली. पुरानंतर तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं आणि मला फार बरं वाटलं.

नवरात्र संपत आलं तेव्हा भाजी अशी तयार झाली होती की दृष्ट काढावी. दसऱ्याला पहाटे काढायची, टेम्पोत घालायची आणि बाजार गाठायचा असं ठरलं. खंडेनवमीला मी मांजर्लीला गेले, वहिनीकडे तोरणं करायला आणि रात्रीचं राहायला. गाळ्याची पूजा ह्यांच्यावर सोपवली.

इथे मला आमच्या पट्ट्याची एक रीत सांगावी लागेल. अंबरनाथच्या कारखान्यांत खंडेनवमीला मशिनांची पूजा होते. मशीन पुसायचं, गंध लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा, आणि मग ते मशीन बंद करायचं. वर्षभर राबलं, एक रात्र त्याला विश्रांती. दसरा उजाडेपर्यंत स्विचला कुणी हात लावत नाही. ह्यांनी सगळी नोकरी अशीच केली. माणूस रिटायर होतो, हात होत नाही.

ह्यांनी पंप पुसला. पंपाला गंध, फूल, अक्षता. दिव्यांच्या बोर्डाला माळ. वीज गेली तर पंप चालावा म्हणून ठेवलेल्या इन्व्हर्टरलाही माळ. नारळ फोडला, हात जोडले आणि अतिशय भक्तिभावाने मेन स्विच खाली ओढला. इन्व्हर्टर बिचारा एकटाच कामाला राहील म्हणून त्यालाही सुट्टी दिली. मग कुलूप लावून घरी जाऊन समाधानाने जेवले.

दसऱ्याच्या पहाटे मी आणि वहिनी गाळ्यावर पोचलो, तेव्हा हे आमच्याआधी येऊन दाराशी उभे होते. कुलूप नुकतंच उघडलेलं. आत अंधार होता आणि पाण्याचा आवाज नव्हता. तो आवाज माझ्या इतक्या सवयीचा झाला होता की तो नसणंच आधी ऐकू आलं. स्विच वर केला. दिवे लागले आणि समोर सगळ्या भाजीने माना टाकलेल्या. वरच्या कप्प्यांतलं पाणी पूर्ण उतरून गेलं होतं, तिथली पानं पाइपावर आडवी झाली होती. खालच्या कप्प्यांत थोडी ओल राहिली होती, पण तिथेही एक पान उभं नव्हतं.

"मी बंद केलं," हे म्हणाले. "पूजा झाली आणि हात गेला गं."

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खालच्या कारखान्याला सुट्टी होती हे नशीब. बोलून झाल्यावर मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला. आईची जागा नदीने घेतली असती तर मी नदीला दोन शिव्या घालून गप्प बसले असते. झेंडूच्या माळेने ती जावी हे मला सोसेना.

पंप सुरू झाला होता. पाणी पाइपांत चढायला लागलं होतं. मी खालच्या कप्प्यातला एक कप उचलला आणि मुळं बघितली. लिबलिबीत झालेली नव्हती, रंगही गेला नव्हता. रात्रभर दिवे बंद होते, त्यामुळे पानांनी पाणी फार उडवलं नव्हतं. ही मेलेली नाही, तहानलेली आहे, हे मला तिथेच कळलं. वरच्या कप्प्यांचं सांगता येत नव्हतं, पण खालचे उठणार, याची मला खात्री होती.

"उठतील," मी म्हणाले. "पण वेळ लागेल. बाजार भरेपर्यंत काही उठायची नाहीत."

वहिनी एव्हाना कोपऱ्यातले निळे टब ओढून आणत होती. "बाजार काय थांबनार नाय," ती म्हणाली. "भावजी, टबात पानी घाला. खताचं."

"कापायची नाही?" मी विचारलं.

"कापून काय करू? सुतळी बांधून मड्याची जुडी करू? कपासकट घेते. बसायचं तर हाय. बसल्यावर बघू."

आम्ही खालच्या कप्प्यांतली सगळी रोपं कपांसकट टबांत उभी केली. उभी म्हणायचं इतकंच, पानं टबाच्या कडेवरून बाहेर लोंबत होती. हे टेम्पोत मागे टब धरून बसले.

बाजारात पोचलो तेव्हा रांग भरलेली होती. झेंडू, आपट्याची पानं, भाताच्या लोंब्या. शेजारणीचं गोणपाट वहिनीच्या जागेवर अर्ध्याहून जास्त आलेलं होतं आणि त्यावर तिच्या मुळ्याच्या जुड्या मांडलेल्या होत्या, मुळांना भरपूर माती ठेवून. ही शेजारीण वाईट बाई नव्हे. माझ्या आईच्या हाताखाली बसून जुडी बांधायला शिकलेली. पण तिच्या दोन सुना आता तिच्याबरोबर बसतात आणि तिला जागा कमी पडते.

वहिनीने उरलेल्या तुकड्यावर मावला तो एकच टब ठेवला, बाकीचे ह्यांच्यापाशी रांगेच्या टोकाला राहिले, आणि ती मागे बसली. शेजारणीने वाकून बघितलं.

"ही काय गं? मेलेली भाजी?"

"तहानलेली हाय."

शेजारणीने एक कप उचलला आणि उलटा केला. पांढऱ्या मुळांतून पाणी ठिबकलं. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. "माती कुठं हाय?" ती म्हणाली. "ही वाडीची नाय. ही कंपनीची. कंपनीच्या भाजीनं समोर बसायचं."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं लांबलचक. वहिनीने माझ्याकडे बघून नुसतं डोकं हलवलं. मग शेजारणीला म्हणाली, "मीच पेरली, मीच वाढवली. बसते थोडा वेळ. तुज्या डोळ्यासमोर हाय."

आम्ही बसलो. गिऱ्हाइकं यायची, टबाकडे बघायची आणि पुढे जायची. एका बाईने, पूजेला आणलीय का, असं विचारलं. हे रांगेच्या टोकाला उभे राहून उगाच झेंडूचे भाव विचारत होते. मी टबावर माझ्या ओढणीची सावली धरली आणि पानांकडे बघत राहिले. कंपनीत असताना मी शेकडो नमुने असे टक लावून बघितले होते, पण कुठल्याही नमुन्यावर ओढणी धरली नव्हती.

आधी चुका उठला. देठाशी जरा ताठपणा आला, मग पान टबाच्या कडेवरून सुटून वर आलं. त्याच्यामागे दुसरं. पालकाला वेळ लागला, पण एकदा उठायला लागला तसा सगळा टबच हळूहळू फुगल्यासारखा झाला. लेकराचा हात धरून चाललेली एक बाई थांबली. तिचं लेकरू ओरडलं, "मम्मी, ये देख, हिल रहा है." मग आणखी दोघी थांबल्या. कुणीतरी मोबाइल काढला. मघाशी पूजेचं विचारणारी बाई परत आली आणि म्हणाली, "अहो, ही तर झोपली होती ना?"

उन्हं चांगली वर आली तेव्हा टब हिरव्यागार, ताठ पानांनी भरला होता. एकही पान कडेवर नव्हतं.

शेजारीण आपल्या जागेवरून सगळं बघत होती. तिच्या मुळ्याचा पाला उन्हाने मऊ पडायला लागला होता आणि ती त्यावर पाण्याचा हबका मारत होती. एकदा मारला, पुन्हा मारला. मग उठली आणि आमच्या टबाशी येऊन उकिडवी बसली. पालकाचं एक पान दोन बोटांत धरलं. ते कडक होतं.

"सगळं खरं," ती म्हणाली. "पन माती नाय गं हिला. रांगेत मी काय सांगू?"

वहिनीने टबातला एक कप काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला, मुळांसकट, पानांसकट.

"माती बघायची ती उपटलेल्या भाजीची," वहिनी म्हणाली. "कवा उपटली ते कळाया. ही उपटलीय कुठं अजून?"

शेजारणीने रोप उलटं करून पुन्हा एकदा मुळं बघितली. मग तिने ते जपून टबात परत ठेवलं. आपल्या जागेवर गेली, सुनेला मुळ्याच्या जुड्या उचलायला सांगितल्या आणि गोणपाट ओढत ओढत तिच्या स्वतःच्या फरशीपर्यंत मागे नेलं.

वहिनीने मोकळ्या झालेल्या जागेवर पाणी शिंपडलं, आई शिंपडायची तसंच, आणि मला म्हणाली, "वन्सं, भावजींना हाक मारा. दुसरा टब हितं ठेवू दे."